बघ्या की साक्षीदार?

2025 च्या जुलै महिन्यात एक ध्वनिचित्रफीत घरोघरच्या मोबाईलवर फिरत होती. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एका मोठ्या दुकानात एक भारतीय पर्यटक महिला सात तासांहून अधिक काळ वावरली आणि सुमारे तेराशे डॉलरचा माल घेऊन, पैसे न देता बाहेर पडू लागली, असा तिच्यावर आरोप होता. पोलिसाच्या अंगावरच्या कॅमेऱ्याने टिपलेली तिची अजिजी साऱ्या जगाने पाहिली. त्याच महिन्यात भारतातल्या अमेरिकी दूतावासाने, चोरी किंवा मारहाण केल्यास व्हिसा रद्द होऊ शकतो, अशी तंबीही दिली. आमच्या रविवारच्या कट्ट्यावर या विषयाला चांगलाच रंग चढला. देशाची अब्रू गेली, यावर एकमत झाले. कोणाला 2019 मधली बाली बेटावरची चित्रफीत आठवली; एका भारतीय कुटुंबाच्या सामानातून हॉटेलातल्या वस्तू एकेक करून बाहेर काढल्या जात होत्या, ती. चोराविषयी सगळे बोलले. पण त्या सात तासांत त्या दुकानातून कितीतरी गिऱ्हाइके ये-जा करून गेली असतील. त्यांपैकी कोणी काही पाहिले असेल का, आणि पाहिले असेल तर त्याने काय करायला हवे होते, हा प्रश्न कोणालाच पडला नाही.

मला तो पडला, कारण तसा प्रसंग माझ्या वाट्याला येऊन गेला होता. त्याविषयी पुढे सांगतोच. आधी शब्दांचे पाहू. ज्याने काही घडताना पाहिले त्याला मराठीत दोन नावे आहेत. पाहून नुसता उभा राहिला तर तो बघ्या. पाहिलेले सांगायला उभा राहिला तर साक्षीदार. बघ्यांची गर्दी जमते, साक्षीदार शोधावे लागतात. दुकानातली किरकोळ चोरी हा बघ्याचा साक्षीदार व्हावा की नाही, आणि व्हावा तर कोणत्या प्रकारे, हे तपासून पाहण्याचा सर्वांत लहान आणि म्हणूनच सर्वांत अवघड प्रसंग आहे. खून होताना पाहिला तर काय करावे याविषयी फारसा वाद नसतो. कोणी चारशे रुपयांची वस्तू खिशात टाकली की मात्र भल्याभल्यांची मती गुंग होते.

गंमत अशी की, या चोरीला मराठीत धड नावही नाही. भुरटी चोरी म्हणावे तर त्यात परसातली तांब्याची घागर आणि सायकलही येते. उचलेगिरी हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा. त्याच्याकडे पुन्हा यावे लागेल. स्वतंत्र नाव नाही, कारण गोष्टच फारशी शक्य नव्हती. वाण्याच्या दुकानात डबा आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये वाणी बसलेला असे. माल तो काढणार, तो तोलणार, पुडी तोच बांधणार. आपण फार तर पोत्यातले चार शेंगदाणे तोंडात टाकावेत. आणि ती चोरी नव्हे, चव पाहणे! 1916 साली अमेरिकेत मेम्फिस येथे ‘पिग्ली विग्ली’ नावाच्या दुकानाने हा मधला माणूस काढून टाकला आणि गिऱ्हाइकाच्या हाती टोपली दिली. आपल्याकडे अपना बाजारसारख्या सहकारी भांडारांनी मध्यमवर्गाला मोठ्या दुकानाची ओळख आधीच करून दिली होती. पण घराघरातले वाणसामान फळीवरून स्वतःच्या हाताने उचलण्याची सवय लागली ती बिग बाजार (2001) आणि डी-मार्ट (2002) यांच्या नंतर.

वाण्याची नजर गेली आणि तिच्या जागी कॅमेरा, दारावरचा रखवालदार आणि वस्तूला चिकटवलेली चुंबकीय पट्टी आली. तरीही माल जातोच. या गळतीला व्यापारी ‘घट’ म्हणतात. 2011 च्या एका जागतिक पाहणीत 43 देशांमध्ये भारतातल्या दुकानांची घट सर्वांत अधिक, म्हणजे विक्रीच्या 2.38 टक्के असल्याचे म्हटले होते. अर्थात घटीत फक्त गिऱ्हाइकांची चोरी नसते. नोकरांची हातचलाखी, पुरवठादारांची लबाडी आणि हिशेबातल्या चुका हे सगळे त्यात येते. मुद्दा इतकाच की, दोन उंच फळ्यांच्या मधल्या बोळात आज माल आणि माणूस दोघेच असतात. तिसरा कोणी असलाच तर तो दुसरा गिऱ्हाईक. वाण्याचे काम न मागता त्याच्या गळ्यात पडले आहे.

तर तो प्रसंग. दिवाळीच्या आधीचा आठवडा, उपनगरातले एक मोठे दुकान, संध्याकाळची गर्दी. दारावर रखवालदार एका मजूर बाईच्या पिशवीला प्लॅस्टिकचा बंद आवळत होता. तिच्याबरोबर दोन मुले होती आणि तिघांच्याही पायांना सिमेंट लागलेले होते. माझ्या खांद्यावरची शबनम त्याने तशीच जाऊ दिली. आत साबण-मंजनाच्या फळीपाशी पन्नाशीचे एक गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा शर्ट, चष्मा, हातात टोपली. त्यांनी दाढीच्या पात्यांची दोन पाकिटे काढली, एकदा मागे पाहिले, पाकिटे पँटच्या खिशात सरकवली आणि टोपलीत तूरडाळीची पिशवी ठेवून पुढे निघाले. सारे मिळून दहा सेकंद. मी तीन हातांवर होतो.

रखवालदाराकडे जावे असे प्रथम वाटले. मग वाटले, आपल्याला काय करायचे आहे? मग वाटले, यांना काही विसरण्याचा आजार तर नसेल? वार्धक्याकडे झुकलेली माणसे वस्तू हातात घेतात आणि विसरतात, हे आपण घरोघरी पाहतो. पण यांनी मागे वळून पाहिले होते. शेवटी मी त्यांच्या शेजारी जाऊन हळू आवाजात म्हणालो, “अहो, ती पात्यांची पाकिटं बिलात घ्यायची राहतील हं.” त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. “हो हो, लक्षात आहे,” एवढेच म्हणाले आणि वळणावरून दिसेनासे झाले. थोड्या वेळाने राजगिऱ्याच्या लाडवांच्या फळीवर मला एक पाकीट ठेवलेले दिसले. दुसऱ्याचे काय झाले ते मला ठाऊक नाही.

कट्ट्यावर हे सांगितले तेव्हा माझी दोन्ही बाजूंनी उलटतपासणी झाली. आमचे एक निवृत्त बँक अधिकारी म्हणाले, “तुम्ही चोराला सावध केलंत. हा गुन्ह्याला हातभार झाला.” दुसऱ्यांचे मत उलट. कोट्यवधींचा नफा कमावणाऱ्या कंपनीचे हजार रुपये गेले तर तुमचे काय गेले? आणि माझा पुतण्या, जो सहसा आमच्या चर्चेत भाग घेत नाही, तो सहज म्हणाला, “काका, व्हिडिओ का नाही काढलात?” या तिघांशीही माझे जुळत नाही. का जुळत नाही, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम कायदा. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या 303 व्या कलमात चोरीसाठी तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण चोरलेला माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असेल, गुन्हा पहिल्यांदाच सिद्ध होत असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा आहे समाजसेवेची. असा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. इथपर्यंत सगळे उदार आणि समंजस वाटते. पण त्याच संहितेत 305 वे कलम आहे. मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीत चोरी केली तर सात वर्षांपर्यंत कैद. दुकान ही अशी इमारत आहे, असा अर्थ लावला की तीच दोन पाकिटे दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा होतात. म्हणजे झाडू मारण्यापासून सात वर्षांपर्यंतचे अंतर ठाण्यातल्या लेखणीवर अवलंबून. ती लेखणी कोणासाठी कुठे वळेल याचा अंदाज बांधायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही. चांगला वकील ज्याला परवडतो त्याच्यासाठी ती एका बाजूला वळते, ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी दुसऱ्या. 2022 च्या अधिकृत आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत शंभरांतले सुमारे 76 जण खटल्याचा निकाल लागायची वाट पाहणारे होते.

आणि पाहणाऱ्याकडून कायद्याची अपेक्षा काय? नागरिक सुरक्षा संहितेच्या 33 व्या कलमात, कोणते गुन्हे कळल्यास नागरिकाने पोलिसांना खबर दिलीच पाहिजे, याची यादी आहे. खून आहे, दरोडा आहे. साधी चोरी त्यात नाही. नागरिकाने स्वतः कोणाला अटक करायची तर गुन्हा त्याच्या समोर घडलेला, दखलपात्र आणि अजामीनपात्र असा असावा लागतो आणि सहा तासांच्या आत त्या माणसाला पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. आता समोरचा गुन्हा 303 चा की 305 चा हे साबणाच्या फळीपाशी उभे राहून कोण ठरवणार? तेव्हा बँक अधिकाऱ्यांना माझे उत्तर असे की, चोराला धरून देण्याचे कर्तव्य कायद्याने माझ्यावर टाकलेलेच नाही. माल जाऊ नये यासाठी काही करावे, हे शेजारधर्माचे कर्तव्य मात्र माझ्यावर आहे, आणि ते मी केले. माल वाचवणे आणि माणसाला शिक्षा घडवणे ही दोन कामे आपण नेहमी एकाच गाठोड्यात बांधतो. ती वेगळी आहेत. पहिले कोणाही नागरिकाचे आहे, दुसरे नाही.

हा प्रश्न आपल्याकडेच चघळला जातो आहे असे नाही. कॅलिफोर्नियाने 2014 साली जनमत घेऊन 950 डॉलरपर्यंतची चोरी सौम्य गुन्ह्यांत टाकली. 2024 च्या नोव्हेंबरात तिथल्याच मतदारांनी पुन्हा पुन्हा चोरी करणाऱ्यांसाठी कायदा कडक केला. आपण समाजसेवेची शिक्षा आणली ती त्याच वर्षी. पण कायदा सैल असो की कडक, तो सुरू होतो कोणीतरी सांगितल्यावर. तेव्हा कोण सांगतो, आणि कोणाविषयी सांगतो, हे पाहायला हवे.

याचे प्रयोग झालेले आहेत. बिब लाताने आणि जॉन डार्ली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1968 साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका दुकानात खोट्या चोरीचे नाटक 96 वेळा घडवले. दुकानदार आत जाई, एक किंवा दोन तरुण गिऱ्हाइकांच्या देखत बिअरची पेटी उचलून चालू लागत. दुकानदार परतल्यावर आपणहून सांगणारे निघाले पाचांत एक. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांनी दुकानदाराने विषय काढला तेव्हा तोंड उघडले. आपल्याकडे असा प्रयोग केला तर प्रमाण याहून चांगले येईल असे मला वाटत नाही. पण याहून महत्त्वाचा प्रयोग पुढचा. 1973 साली डॅरेल स्टेफेन्समायर आणि रॉबर्ट टेरी या समाजशास्त्रज्ञांनी अशाच खोट्या चोऱ्या दोन प्रकारच्या ‘चोरां’कडून करवल्या. एक नीटनेटक्या पोशाखातला, दुसरा हिप्पी वेशातला. कृती तीच, वस्तूही तशाच. गिऱ्हाइकांनी हिप्पीविषयी तक्रार करण्याची तयारी कितीतरी अधिक दाखवली. चोर स्त्री आहे की पुरुष, याने विशेष फरक पडला नाही; कपड्यांनी पडला.

आपल्याला हे समजायला हिप्पीची गरज नाही. उचलेगिरी या शब्दाकडे पुन्हा यावे लागेल म्हणालो होतो ते यासाठी. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला 1988 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठी वाचकाने त्याचे कौतुकही भरपूर केले. ज्या माणसांना जन्मतःच चोर ठरवले गेले, त्यांच्या घरातून आलेला तो आवाज होता. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातींच्या जमाती चोर म्हणून नोंदल्या, हजेऱ्या लावल्या, सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले. 31 ऑगस्ट 1952 ला ही माणसे कागदावर विमुक्त झाली. पण 1998 साली बारामतीत पिन्या हरी काळे हा पारधी समाजातला माणूस पोलिसांच्या कोठडीत मेला. त्याच वर्षी बंगालमध्ये बुधन सबर कोठडीत मेला आणि महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांना विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभी करावी लागली. कायदा गेला तरी नजर राहते. ती त्या रखवालदाराच्या हातात प्लॅस्टिकचा बंद होऊन आली होती. आपल्या वर्तमानपत्रांची भाषाही पाहा. लुगड्यातल्या तीन बायकांनी साडीच्या दुकानात हात मारला की ती ‘टोळी’ होते. मोटारीतून आलेल्या बाईने अत्तराची बाटली लांबवली की मानसोपचारतज्ज्ञांची मुलाखत छापून येते. म्हणून मी स्वतःला एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतली आहे: त्या गृहस्थांच्या जागी ती सिमेंटच्या पायांची बाई असती तर मी इतक्याच हळू आवाजात बोललो असतो का? बोललो असतो, असे मी मानतो. पण दुकानातल्या इतर पन्नास जणांची मला खात्री नाही.

कारण आपल्याकडे ‘चोर’ हा शब्द मोठ्याने उच्चारला की पुढचे आपल्या हातात राहत नाही. केरळमधले अट्टप्पाडी. 22 फेब्रुवारी 2018. मधू नावाच्या आदिवासी तरुणाने दुकानांतून तांदूळ आणि किरकोळ किराणा चोरला, असा संशय. गावातल्या काही जणांनी त्याला जंगलातून धरून आणले, हात बांधले, मारले, त्याच्यासह स्वतःची छायाचित्रे काढली आणि मग पोलिसांच्या स्वाधीन केले. रुग्णालयात पोहोचण्याआधी तो मेला. केरळ म्हणजे शिकलेला, सुधारलेला प्रांत. तिथली ही गोष्ट. त्या दिवशी कोणीतरी पहिली हाक दिली असेल. त्याच्या मनात खून नसेलही. पण आपली हाक कुठे जाऊन पोहोचते हे त्याला कळायला हवे होते. 2018 मध्येच धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले, त्यामुळे हे दूरचे आहे असे समजून स्वस्थ बसण्याची सोय महाराष्ट्राला नाही.

पुतण्याचा प्रश्नही याच जातीचा आहे. व्हिडिओ काढला म्हणजे आपण काही केले असे वाटते. प्रत्यक्षात तो बघेपणाचाच नवा, शहरी प्रकार आहे. त्या चित्रफितीला ना कलम, ना मुदत, ना अपील. न्यायालयाने समाजसेवेची शिक्षा दिली तर ती काही आठवड्यांत संपेल. मोबाईलवर फिरणारा चेहरा त्या माणसाच्या मुलीच्या लग्नापर्यंत फिरत राहील. दुकानात कॅमेरे आहेत. दुकानाला पुरावा हवा असेल तर तो त्यांच्याकडे आहे. माझ्या पुराव्याची गरज दुकानाला नसून माझ्या ओळखीपाळखीतल्यांना असते, हे एकदा मान्य करावे.

आता ‘कंपनीचे गेले तर तुमचे काय गेले’ म्हणणाऱ्यांकडे वळतो. हा युक्तिवाद ऐकायला पुरोगामी वाटतो, पण दुकानात कोण उभे असते हे तो पाहत नाही. मालक तिथे नसतो. तिथे दहा तास पायांवर उभी असलेली, कंत्राटी कामावरची एक मुलगी असते आणि फळीवरच्या मालाचा हिशेब तिला द्यायचा असतो. 1936 च्या वेतन अदायगी कायद्यापासून 2019 च्या वेतन संहितेपर्यंत, नोकराच्या ताब्यात दिलेला माल त्याच्या हयगयीने गेला तर पगारातून कापून घेण्याची मुभा मालकाला आहे. हयगय झाली की नाही ते ठरवणार कोण, हे सांगायला नको. मोठ्या कंपनीवरचा आपला राग त्या मुलीच्या पगारातून फेडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? गप्प राहणे हे तटस्थ राहणे नव्हे. त्याची किंमत कोणीतरी भरतेच, आणि ती भरणारा बहुधा आपल्याहून गरीब असतो.

भुकेची चोरी हा प्रश्न निराळा आहे. इटलीत जिनोआ शहरात 2011 साली एका बेघर माणसाने दुकानात पावाच्या काड्यांचे पैसे दिले. चीज आणि सॉसेज मात्र खिशात ठेवले. किंमत सारी मिळून चार युरो सात सेंट. आणि पाहा, त्याला पकडून दिले ते दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने! खटला उभा राहिला, सहा महिन्यांची कैद आणि शंभर युरो दंड झाला, आणि 2016 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने, तातडीची भूक भागवण्यापुरते घेणे हा गुन्हा नव्हे, असे म्हणून ती शिक्षा रद्द केली. चार युरोंसाठी तीन न्यायालये आणि पाच वर्षे. आपल्या शांतिपर्वात दुष्काळात विश्वामित्राने चांडाळाच्या झोपडीतून कुत्र्याचे मांस चोरल्याची कथा आपद्धर्म म्हणून येते. इटालियन न्यायमूर्तींनी ती वाचलेली नसावी, पण पोहोचले तिथेच. त्या गिऱ्हाइकाला मी दोष देत नाही. त्याला भूक दिसली नसेल, नुसता खिसा दिसला असेल. मला जर भूक दिसली तर मी रखवालदाराकडे जाणार नाही. चार घासांचे पैसे माझ्या बिलात घ्यायला सांगेन, आणि तेही त्या माणसाच्या नकळत जमले तर बरे. दाढीच्या पात्यांसाठी मात्र हा उदारपणा मी करणार नाही.

शांतिपर्वातच शंख आणि लिखित या दोन भावांची गोष्ट आहे. लिखिताने थोरल्या भावाच्या आश्रमातली फळे न विचारता खाल्ली. शंखाने ती खाताना त्याला पाहिले. पुढे राजाकडून हात तोडण्यापर्यंत प्रकरण जाते आणि कीर्तनकार सांगतात ते तेवढेच. मला त्यातली सुरुवात महत्त्वाची वाटते. शंखाने पाहिल्यावर आरडाओरडा केला नाही. ही फळे कुठून आणलीस, असे त्याने आधी खाणाऱ्यालाच विचारले. माणूस पैसे देण्याच्या खिडकीपर्यंत पोहोचलेला नाही, तोवर त्याला परत फिरायला जागा असते. ती जागा त्याला दाखवणे म्हणजे गुन्ह्याला हातभार लावणे नव्हे. गुन्हा पुरा होऊ न देणे आहे. कायद्याचे पंडित म्हणतील की आपल्या व्याख्येप्रमाणे अप्रामाणिक हेतूने वस्तू हलवली की चोरी तिथेच झाली. म्हणोत बापडे. दुकानाला त्याची पाकिटे हवी आहेत, व्याख्या नको आहे.

विचारण्याची संधी हुकली, माणूस दांडगा वाटला, किंवा चार-पाच जण मिळून ठरवून माल काढताहेत असे दिसले, तर हे धाडस करू नये. अशा वेळी दुकानातल्या जबाबदार माणसाला बाजूला घेऊन सांगावे. रखवालदाराला दारात, गर्दीसमोर नव्हे. आणि दिसले तेवढेच सांगावे. “त्या गृहस्थांनी दोन पाकिटं खिशात ठेवलेली मी पाहिली” हे दिसलेले आहे. “तो चोर आहे” हे मी काढलेले अनुमान आहे.

इथवर बहुतेक वाचक माझ्याबरोबर असतील. पुढची गोष्ट अवघड आहे. सांगितले तर मग थांबावे लागते. दुकानाच्या मागच्या खोलीत त्या माणसाला नेतील तेव्हा तिथे काय होते ते पाहायला, कोणी हात उगारला तर “मारायचं काम नाही” म्हणायला, पोलीस आले तर आपले नाव आणि पत्ता द्यायला, आणि दोन वर्षांनी समन्स आले तर रजा टाकून न्यायालयात जायला. पंच म्हणून सही करायची वेळ आली की आपल्या इमारतीतली माणसे कशी पांगतात, हे कोणाला सांगायला नको. बोट दाखवून घरी जाणाऱ्याची मला चोरापेक्षा जास्त भीती वाटते. कारण त्याच्या बोटावर विसंबून जे पुढे घडते त्याचा हिशेब त्याच्याकडे कोणी मागत नाही.

अट्टप्पाडीच्या खटल्याचा निकाल 2023 च्या एप्रिलमध्ये लागला. सोळा आरोपींपैकी चौदा दोषी ठरले, तेरा जणांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तिथवर पोहोचेपर्यंत वीसहून अधिक साक्षीदार उलटले. त्यांतला एक वनखात्यात रखवालीचे काम करणारा होता. 2022 च्या सप्टेंबरमध्ये न्यायालयात त्याला त्या दिवसाची चित्रफीत दाखवण्यात आली. तीत तो स्वतः तिथे उभा दिसत होता. मला यातले काही नीट दिसत नाही, असे त्याने सांगितले. न्यायाधीशांनी त्याचे डोळे तपासून आणण्याचा हुकूम दिला. डॉक्टरांनी तपासले. दृष्टीत दोष नव्हता. त्याची नोकरी गेली.